अपघाताचे छायाचित्र : साक्ष कोणती, प्रदर्शन कोणते?

रस्त्यावर अपघात घडला की अनेकदा रुग्णवाहिकेच्या आधी त्याची छायाचित्रे व्हॉट्सॲप समूहांवर पोहोचतात. ती पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू बहुधा वाईट नसतो. मृताची ओळख पटावी, सत्य समोर यावे, इतरांनी सावध व्हावे, अशी तीन कारणे प्रामुख्याने सांगितली जातात. ही कारणे कितपत टिकतात हे तपासायचे तर भोपाळकडे पाहावे लागते. मृतांच्या छायाचित्रांचा प्रश्न तेथे १९८४ मध्ये अत्यंत तीव्रतेने उभा राहिला होता.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू शहरात पसरला. शासनाने पुष्टी केलेल्या मृत्यूंची संख्याच ३,७८७ आहे. प्रत्यक्ष बळी याहून कितीतरी अधिक असल्याचे पीडितांच्या संघटना सांगत आल्या आहेत. हमीदिया रुग्णालयात मृतदेहांची रीघ लागली. अंत्यसंस्कार फार काळ लांबवणे शक्य नव्हते आणि अनेकांचे आप्त स्वतःच मृत वा बेशुद्ध होते. म्हणून मृतदेहांना क्रमांक देऊन त्यांची छायाचित्रे काढण्यात आली. हरवलेल्या माणसाचा शोध घेणाऱ्यांना निदान छायाचित्रावरून आपले माणूस ओळखता यावे, हा त्यामागचा उद्देश होता. ही छायाचित्रे मृतांच्या कुटुंबीयांसाठी काढलेली होती.

त्याच दिवसांत आणखी एक छायाचित्र निघाले आणि ते जगभर गेले. मातीत पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचा उघड्या डोळ्यांचा चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला. बार्थोलोम्यू यांच्या रंगीत छायाचित्राला ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा त्या वर्षीचा सर्वोच्च सन्मान लाभला. एका बलाढ्य कंपनीच्या कारखान्याने काय केले, याची ती साक्ष होती. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. दोषी अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावणारा निकाल लागायला २०१० चा जून उजाडला. एवढ्या दीर्घ काळात ही घटना विस्मृतीत जाऊ न देण्याचे काम त्या चेहऱ्याने केले.

तरीही एक प्रश्न उरतोच. ते बालक कोणाचे होते, हे आजतागायत कळलेले नाही. त्या चेहऱ्याच्या प्रसिद्धीसाठी कोणाची अनुमती घेणे शक्यच नव्हते. जेथे सार्वजनिक हिताचे कारण इतके भक्कम आहे, तेथेही हा संकोच उरतो. मग दुचाकीवरून पडलेल्या तरुणाचे रक्ताळलेले छायाचित्र शेकडो लोकांना पाठवण्याचे समर्थन कशाच्या आधारे करायचे?

ओळख पटवण्याचे कारण येथे सहसा लागू पडत नाही. वाहनाचा क्रमांक, परवाना किंवा मोबाईल यांवरून पोलीस कुटुंबापर्यंत पोहोचू शकतात. उलट गोव्यासारख्या लहान राज्यात, जेथे एका गावचे लोक दुसऱ्या गावात सहज ओळखले जातात, तेथे स्कूटरचा रंग किंवा अंगावरचा शर्टही पुरेसा ठरतो. मुलाच्या मृत्यूची वार्ता आईला मोबाईलच्या पडद्यावरून कळणे, ही दुसरी दुर्घटनाच होय.

सावधगिरीचे कारणही तपासून पाहावे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा बळी गेला. या मृत्यूंमागे वेग, मद्यपान, हेल्मेटचा अभाव, खड्डे, अंधारी वळणे अशी कारणे असतात. ती दाखवण्यासाठी मृताचा चेहरा लागत नाही. खड्ड्याचे वा दिवा नसलेल्या वळणाचे छायाचित्र अधिक उपयोगी पडते. भोपाळमध्ये कारखान्यासमोर डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी घडवलेले आईचे शिल्प आहे. एका हाताने तिने मूल धरले आहे आणि दुसऱ्याने स्वतःचा चेहरा झाकला आहे. कोणाही प्रत्यक्ष व्यक्तीचा चेहरा न दाखवता शोक सांगता येतो, हे त्यातून दिसते.

कायद्याचा कलही स्पष्ट आहे. मानवी प्रतिष्ठेचा हक्क मृत्यूनंतर देहालाही लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९९५ मध्ये म्हटले. मोटार वाहन कायद्यानुसार इजा झाल्यानंतरचा पहिला तास हा ‘सुवर्णकाळ’ मानला जातो; त्या अवधीत उपचार मिळाल्यास जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. याच कायद्याच्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने दूर उभे राहून चित्रण करीत बसण्याचे कारण आता उरलेले नाही.

याचा अर्थ अपघातस्थळी छायाचित्र घेऊच नये असा नाही. पळून जाणाऱ्या वाहनाचा क्रमांक, वाहनांची स्थिती, रस्त्यावरील टायरच्या खुणा हा मोलाचा पुरावा असतो. मात्र आधी १०८ किंवा ११२ वर दूरध्वनी करावा, जखमीला मदत करावी, मगच छायाचित्र घ्यावे आणि ते केवळ पोलिसांच्या हाती सोपवावे. ज्याच्याकडे असे छायाचित्र कोणी पाठवले असेल, त्याने ते पुढे न पाठवता पुसून टाकावे. पुढे पाठवावेसे वाटलेच, तर एकच कसोटी पुरेशी आहे : हे छायाचित्र जखमीच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या कामी येणार आहे, की केवळ पाहणाऱ्यांच्या कुतूहलाच्या?