प्रमेयाच्या पडद्यावर काय दाखवायचं?

‘न + ० = न’ हे संगणक मुकाट्यानं मान्य करतो. ‘० + न = न’ म्हटलं, की मात्र अडून बसतो. त्याला दिलेली बेरजेची व्याख्या उजवीकडच्या संख्येवर बेतलेली असते. पहिलं विधान त्या व्याख्येतच आहे. दुसऱ्यासाठी विगमन लागतं: आधी शून्यासाठी सिद्ध करायचं, मग एका संख्येवरून पुढच्या संख्येसाठी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये केविन बझर्ड आणि मोहम्मद पेद्रमफर यांनी २०१९ मध्ये तयार केलेल्या ‘नॅचरल नंबर गेम’मध्ये खेळाडूचा पहिला खरा कस इथे लागतो.

या खेळाचं इंजिन आहे ‘लीन’, म्हणजे सिद्धतेची ओळन् ओळ तपासणारी प्रणाली. तिच्या ग्रंथालयाचा पसारा पाहून नवखा माणूस दारातूनच परत फिरेल. म्हणून खेळ ब्राउझरमध्येच चालतो आणि सुरुवातीला मोजक्याच आज्ञा हाती देतो. पातळ्या ओलांडत गेलं, की नव्या आज्ञा खुल्या होत जातात. पडद्यावर सतत दोन गोष्टी दिसतात: हाताशी काय आहे आणि सिद्ध काय करायचं उरलंय. विगमनाची आज्ञा दिली, की एका उद्दिष्टाची दोन होतात. एक शून्यासाठी, दुसरं पुढच्या संख्येसाठी; दुसऱ्यासोबत गृहीतकही आयतं मिळतं. वर्गात फळ्यावर जे निसटतं, ते इथे डोळ्यांसमोर घडतं.

पडद्यावर काय दाखवायचं, हा प्रश्न जुनाच. एडिनबरा विद्यापीठातल्या ‘प्रूफ जनरल’ या सिद्धता लिहिण्याच्या संपादकानं तपासून झालेल्या ओळी निळ्या करून कुलूपबंद ठेवल्या. फ्रान्समध्ये बर्तो, कान आणि तेरी या संशोधकांनी १९९४ मध्ये आणखी धाडसी कल्पना मांडली: सूत्राच्या हव्या त्या भागावर क्लिक करा, तिथवर पोचण्याच्या पायऱ्या संगणक स्वतः रचेल. योआखिम ब्राइटनर यांच्या ‘इन्क्रेडिबल प्रूफ मशीन’मध्ये तर टंकलेखन जवळपास नाहीच, ठोकळे ओढायचे आणि तारांनी जोडायचे. शाळकरी मुलांना ते झकास, पण सिद्धता लांबली की तारांचा गुंता होतो. तिथे लिहिलेल्या ओळीच बऱ्या.

लीनसारख्या प्रणालीत पडदा कितीही खेळकर केला, तरी तपासणी आतला छोटा गाभाच करतो. त्यामुळे चुकीची सिद्धता खपत नाही. पण फसवणूक दिसण्यात होऊ शकते, हे संशोधक फ्रीक वीडाइक यांनी दाखवलं. चिन्हं मर्जीनं नेमता येणाऱ्या प्रणालीत कुणी शून्यालाच ‘१’ असं चिन्ह दिलं, तर पडद्यावर ‘१ = ०’ सिद्ध झालेलं दिसेल, आणि गाभ्याचं काहीच चुकलेलं नसेल. लीनच्या संपादकात चिन्हावर माउस नेला, की त्यामागची मूळ संज्ञा आणि तिचा प्रकार उघडतो; ही सोय यासाठीही कामी येते.