कृष्णा-कोयनेच्या उगमाकडील रातबेडूक

ऊस विकास विभागाने बेडकावर लिहावे याचे काही सभासदांना हसू येईल. लागण, खते, हुमणी यांची माहिती आम्ही एरवी देतोच. या खेपेला जरा नदीच्या वरच्या अंगाला जाऊ.

कृष्णा आणि कोयना दोन्ही महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात. सह्याद्रीच्या या भागातील जंगलातल्या ओढ्यांत एक लहान बेडूक राहतो. शास्त्रीय नाव ‘निक्टिबॅट्राकस हुमायुनी’. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून १९५५ साली ते ठेवले गेले. आपण त्याला रातबेडूक म्हणू. जेमतेम दीड-दोन इंचांचा, अंगावर सुरकुत्या, बोटांच्या टोकांना चकत्या. पहिल्या मोठ्या पावसात शेतात पिवळाधमक होऊन ओरडणारा तो हा नव्हे.

याची मादी अंडी पाण्यात घालत नाही. ओढ्यावर ओणवलेल्या झुडपाच्या पानावर, नाहीतर ओल्या दगडावर घालते. अंड्यातून पिल्ले निघाली की टपाटप खालच्या पाण्यात पडतात. काठचे झुडूप तोडले की पाळणाच गेला.

कोयनानगरजवळच्या हुंबरळी गावच्या ओढ्यावर २०१० ते २०१२ या काळात संशोधक भर पावसात रात्र-रात्र बसले. त्यांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. इतर बेडकांत नर मादीला घट्ट धरून ठेवतो. हा नुसते पानावर हात टेकतो, मादीच्या पाठीवर वीर्य सोडतो आणि निघून जातो. अंडी ती मागाहून घालते आणि पाठीवरून ओघळलेल्या वीर्याने ती फळतात. बेडकांत ओरडणे नराचे काम, पण इथे मादीही साद घालते!

हा बेडूक उसातली हुमणी खायला येणार नाही, खोटे कशाला सांगा? पण बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने शोषतो. श्वासही बराचसा कातडीनेच. ओढ्यात जे औषध उतरेल ते थेट त्याच्या अंगात जाते. पुढे तेच पाणी खाली आपल्या जॅकवेलला येते. फोरेटवर २०२० अखेर बंदी आली, बरे झाले. पण फवारणीचा पंप ओढ्यात खळबळून धुण्याला कोण बंदी घालणार?

डोंगरकडेला ज्यांची जमीन आहे त्यांनी ओढ्याकाठचा झाडोरा बांध साफ करताना पेटवू नये, तोडूही नये. पंप रानातच धुवावा आणि ते पाणी फवारलेल्या पिकावरच मारावे. रिकाम्या बाटल्या ओढ्यात टाकू नयेत.