काळवंडलेल्या सागवानातही रोजगार आहे
सुतार व पॉलिशवाल्या बांधवांसाठी कमी भांडवलाचा जोडधंदा

घनसावंगी, अंबड, परतूर या भागात आणि गोदाकाठच्या गावांत माळवदाची जुनी घरे व वाडे अजून उभे आहेत. सागवानी खांब, तुळया, नक्षीची चौकट, जाड फळ्यांचे दार हे त्यांचे वैभव. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जड माळवदाची लोकांना धास्ती बसली. पुढे सिमेंटची घरे आली आणि जुने लाकूड भंगाराच्या भावाने जाऊ लागले. घेणारा तेच दार घासूनपुसून शहरात चढ्या दराने विकतो. मधला नफा आपल्या कारागिराच्या हातून निसटतो. हा नफा गावातच कसा राहील, याचा विचार आमच्या सुतार व पॉलिशवाल्या बांधवांनी करावा.

काळे म्हणजे कुजके नव्हे

उन्हातील अतिनील किरण लाकडाचे धागे जोडून ठेवणारा पदार्थ मोडतात, पाऊस तो धुऊन नेतो आणि लाकूड करडे पडते. ही खराबी वरच्या पातळ थरापुरतीच असते. आतले सागवान बहुधा शाबूत राहते. मालकाला हे माहीत नसते, म्हणून तो दार काढायला निघतो. कारागिराने आधी परीक्षा करावी. हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकावा. उंबरठा, खांबाचा तळ आणि भिंतीत गेलेली तुळईची टोके टोच्याने टोचून पाहावीत. टोच्या सहज आत गेला तर कूज किंवा वाळवी समजावी. असा खांब पॉलिश करून देऊ नये. माळवदाचे ओझे त्यावर असते. टेकू दिल्याशिवाय त्याला हात लावू नये आणि मालकाला इंजिनियर दाखवण्यास सांगावे.

कामाची पद्धत

प्रथम धूळ झाडून मऊ ब्रशने साबणपाण्याने धुवावे. जोरदार पाण्याचा फवारा मारू नये, लाकडाचे धागे उठतात. करडेपणा व खिळ्यांचे काळे डाग यांवर ऑक्झॅलिक ॲसिड चालते. एक लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम घ्यावे. हे विषारी आहे. बादली प्लास्टिकची, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा हवा. नंतर साध्या पाण्याने दोनदा धुऊन लाकूड पूर्ण वाळू द्यावे आणि मगच रेघेच्या दिशेने पॉलिश पेपर मारावा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. भारतात रंगातील शिशाची ९० पीपीएमची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा, तोंडाला चांगला मास्क लावावा, मुलांना दूर ठेवावे.

शेवटी उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. पहिल्या हातात थोडे टर्पेंटाइन मिसळावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी जादा तेल पुसावे. तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नये, तो आपोआप पेट घेतो. चिंध्या पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, हा या कामाचा हंगाम.

ठेका कसा घ्यावा

अंदाजाने दर सांगणारा बुडतो. आधी चार चौरस फुटांचा नमुना करून द्यावा. मालकाला रंग दिसतो, आपल्याला वेळ कळतो. समजा नमुन्याला एक तास लागला. सात फूट बाय चार फुटांचे दार दोन्ही बाजूंनी ५६ चौरस फूट भरते, म्हणजे १४ तास, दोन दिवसांची मजुरी. त्यावर सामान, जाण्यायेण्याचा खर्च व नफा धरावा. नक्षी, महिरप व कड्या-कोयंडे यांचा हिशेब वेगळा मांडावा. काय करणार, काय करणार नाही, किती आगाऊ आणि बाकी केव्हा, हे कागदावर लिहून दोघांनी सही करावी. कूज निघाली तर खर्च वेगळा, हेही लिहावे.

तेलाचा हात कायमचा टिकत नाही. त्यामुळे दरवर्षी देखभालीचे काम मिळते. अमेरिकेत घराबाहेरील लाकडी ओटे, ज्यांना डेक म्हणतात, धुऊन तेल देणे हा स्वतंत्र धंदाच आहे. आपल्याकडे वाडे, मंदिरे, मशिदी-दर्ग्यांची दारे, जुन्या पेढ्यांचे फडताळ अशी गिऱ्हाइके आहेत.

भांडवलाचे म्हणाल तर ब्रश, पटाशी, रंधा, मोजे, चष्मा एवढ्यावर आरंभ होतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. तीत प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवलेली आहे. कर्ज घेण्याची सक्ती नाही. जवळच्या सेवा केंद्रात चौकशी करावी.

आमची सूचना एवढीच : पहिले काम आपल्याच मोहल्ल्यातील एका दाराचे करा आणि अर्धे दार धुऊन अर्धे तसेच ठेवून चार लोकांना दाखवा. पुढचे गिऱ्हाईक तेच दार आणील.