नॉब आला तरी पुल्या राहू द्या

सकाळी ७. अंबरनाथला शिवमंदिराकडच्या रस्त्यावर सोमवारी भाविकांची रीघ, म्हणून ठोकाठोकीचं काम शुक्रवारी. पडवीतल्या मिलिंग मशीनची १ एचपी, १४४० आरपीएमची मोटर उतरवली. वेग बदलायचा तर दरवेळी पट्टा सरकवा. ती कटकट वेगाचा नॉब बसवून संपवायची होती.

८.३०. उल्हासनगरच्या भंगारातून आणलेली ट्रेडमिलची डीसी मोटर : १८० व्होल्ट, आत कायमचे चुंबक. पाटीवर अडीच एचपी. तो आकडा चार हजारांवरच्या आरपीएमचा, जाहिरातीच्या जवळचा. फ्लायव्हील उलट्या आट्यांवर आहे. मोटर विरुद्ध दिशेने फिरवून कटर अडकला, तर ते सुटून येईल. दिशा एकच ठेवली.

१०. मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीतून निवृत्त झालेले शेजारचे काका आले. १९५३ पासूनचा तो कारखाना इथलाच, त्यामुळे गल्लोगल्ली असे परीक्षक.

"नॉब बसवतोस ते ठीक. पुल्या मात्र फेकू नकोस रे."

मुद्दा पक्का आहे. डीसी मोटरचा वेग व्होल्टेज ठरवतं, जोर करंट. करंटला मर्यादा, म्हणून नॉब अर्ध्यावर आणला की जोर तेवढाच राहतो आणि ताकद निम्मी होते. माइल्ड स्टीलला कापण्याचा वेग मिनिटाला २५ मीटर धरला, तर १० मिमीच्या एचएसएस कटरला सुमारे ८०० आरपीएम लागतात, ५० मिमीच्या फ्लायकटरला १६०. हे नुसत्या नॉबवर केलं तर नेमक्या जड कामाला ताकद पाचवा हिस्सा. शाफ्टवरचा पंखाही मंदावतो आणि मोटर तापते. पट्टा सरकवला की वेग घटतो त्या प्रमाणात जोर वाढतो. नॉब मधल्या फरकापुरता.

१. जेवण.

२. वायरिंग. मोटर चालवणाऱ्या स्वस्त ड्राइव्हचा नॉब थेट मेनच्या विजेशी जोडलेला. म्हणून प्लास्टिकचा नॉब आणि मशीनला अर्थिंग. स्विच एसीच्या बाजूला, कारण एसी सेकंदाला शंभरदा शून्यावर येते आणि ठिणगी विझते. डीसीची लांबत जाते. शिवाय कॉन्टॅक्टर : लाइट जाऊन आली, तर कटर आपोआप फिरता कामा नये. पोलादी चिप्स चुंबकाकडे धावतात, म्हणून वर पत्र्याचं छप्पर. हवेला खालून वाट.

५. फ्लायकटर, पट्टा स्पिंडलच्या सगळ्यात मोठ्या पुलीवर. काकांनी जॉबवर नख फिरवलं, ताडून पाहिलं आणि म्हणाले, "आता दुसरी बाजू घे. ब्रश घासतील, जोडी आणून ठेव."