आधी राहिलात की आधी भाड्याने दिलंत?

अमेरिकेत एकाच गल्लीत दोन सारखी घरं आहेत असं समजा. दोन जोडप्यांनी ती एकाच दिवशी घेतली आणि बरोबर दहा वर्षांनी एकाच दिवशी विकली. घसाऱ्याचा हिशेब बाजूला ठेवला तर दोघांनाही ३ लाख डॉलर नफा झाला. दोन्ही घरांत मालक साडेसात वर्षं राहिले, भाडेकरू अडीच वर्षं. फरक एवढाच, की पहिलं जोडपं आधी स्वतः राहिलं आणि मग घर भाड्याने दिलं. दुसऱ्याने आधी भाडेकरू ठेवला आणि नंतर स्वतः राहायला आलं.

पहिल्या जोडप्याचे तीनही लाख करमुक्त. दुसऱ्याचे ७५ हजार करपात्र!

नुसत्या क्रमाने एवढा फरक पडावा, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मुळात १९९७ पर्यंत तिथे हा नफा लगेचच्या करातून वाचवायचा, तर तेवढ्याच किंवा जास्त किमतीचं दुसरं घर घ्यावं लागे. पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्यांना १,२५,००० डॉलरची सूट मिळे, तीही आयुष्यात एकदाच. १९९७ च्या कायद्याने हे सगळं मोडीत काढलं. आता एकट्याला अडीच लाख आणि जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा माफ. (हे आकडे आजही तेच आहेत. कॅलिफोर्नियातल्या किमती पाहता हा सरळ अन्याय आहे.) अट अशी, की विक्रीआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं घर तुमचं असावं आणि तुम्ही त्यात राहिलेलं असावं. सलग राहायला हवं असंही नाही. तुटक दिवस मिळून ७३० भरले तरी चालतात. म्हणजे घर सोडल्यावरही जवळपास तीन वर्षं ते कायद्याच्या लेखी तुमचं राहतं घरच असतं, मग आत कुणीही नांदत असो. परदेशी किंवा दूरच्या तळावर नेमलेल्या सैनिकासाठी तर पाच वर्षांची ही मोजणी दहा वर्षांपर्यंत थांबवता येते.

यातून एक पळवाट निघाली. वर्षानुवर्षं भाड्याने दिलेल्या घरात शेवटची दोन वर्षं जाऊन राहायचं आणि सगळा नफा माफ करून घ्यायचा. २००८ मध्ये ती बुजवली गेली. २००९ पासून घर जितका काळ राहतं नव्हतं, तितक्या प्रमाणात नफ्यावर कर लागतो. दुसऱ्या जोडप्याची दहातली अडीच वर्षं, म्हणून नफ्याचा चौथा हिस्सा. पण कायदा करणाऱ्यांनी घर कायमचं सोडून जाणाऱ्याला यातून वगळलं: शेवटचं राहून झाल्यानंतरचा, त्या पाच वर्षांतला काळ मोजायचाच नाही. मला यात माणसांची जाण दिसते. नोकरी गाव बदलायला लावते, घर लगेच विकलं जात नाही, तोवर भाडेकरू ठेवावा लागतो.

घसाऱ्याला मात्र माफी नाही. भाड्याच्या घराची इमारत कर-हिशेबात साडेसत्तावीस वर्षांत झिजते. जमीन वगळून ती २,७५,००० डॉलरची असेल, तर दरवर्षी १० हजार. विकताना हा साठलेला घसारा नफा म्हणून परत येतो आणि त्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर लागतो. वजावट घ्यायची राहून गेली असली, तरी घेतल्याचंच धरलं जातं.

न्यू जर्सीतून पुण्याला परतणारी कितीतरी मराठी कुटुंबं तिथलं घर ‘बघू नंतर’ म्हणत भाड्याने देऊन येतात. त्यांची तीन वर्षं सामान हलवलं त्या दिवसापासून धावू लागतात. इकडे भारतात पूर्ण निवासी झालं, की जगभरच्या उत्पन्नावर कर लागतो. अमेरिकेची माफी इथे चालत नाही, आणि तिथे कर भरलाच नसेल तर इथे त्याची वजावटही नाही. पण बरीच वर्षं बाहेर काढून आलेल्यांना भारतीय कायदा बहुधा सुरुवातीची दोनेक वर्षं पूर्ण निवासी मानत नाही. त्या काळात परदेशातलं घर विकून पैसे तिथल्याच खात्यात घेतले, तर त्या नफ्यावर इथे सहसा कर नसतो. एकमेकांचा विचारही न करता लिहिलेल्या दोन देशांच्या दोन कायद्यांच्या मुदती अशा एकाच वेळी चालू असतात.