चांदवा विणणारा कोळी

कोळ्याचे जाळे म्हटले की मध्यापासून आरे फाकलेले चक्राकार जाळेच डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु सर्वच कोळी तसे जाळे विणीत नाहीत. युरोपातील वनांत शरद ऋतूच्या प्रारंभी पहाटे दव पडले, म्हणजे झुडपांच्या फांद्यांमधून जणू असंख्य चिमुकले चांदवे ताणून बांधलेले दिसतात. हे काम लिनिफिया ट्रायँग्युलॅरिस या कोळ्याचे होय. तो स्वतः असतो जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांब!

हा चांदवा आडवा असून मध्यभागी किंचित उंचावलेला असतो. त्याच्या वर धाग्यांचा दाट गुंता असतो. कोळी चांदव्याच्या खालच्या अंगाला उलटा लोंबकळत राहतो. उडणारा कीटक वरच्या धाग्यांत अडखळून चांदव्यावर पडला, की धाग्यांच्या कंपाने कोळ्याला ते कळते. तो धावत जाऊन खालूनच चावा घेतो आणि भक्ष्य चांदव्यातून खाली ओढून घेतो.

शास्त्रज्ञ जवळच्या नात्यातील जातींचा मिळून एक वंश मानतात आणि अशा वंशांचे मिळून एक कुल मानतात. स्वीडनमधील कार्ल क्लेर्क यांनी १७५७ साली या कोळ्याचे वर्णन केले, तेव्हा त्याला ‘अरेनियस’ या वंशात घातले होते. प्राण्यांची शास्त्रीय नावे लिनीअस यांच्या १७५८ मधील ग्रंथापासूनच ग्राह्य धरण्याचा नियम आहे. क्लेर्क यांच्या कोळ्यांवरील ग्रंथाचा मात्र त्याला सन्मान्य अपवाद केलेला आहे.

लिनिफिया हा स्वतंत्र वंश १८०४ साली फ्रान्सच्या लात्रेय यांनी स्थापिला. त्या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेतील असून ‘तागाचे तलम वस्त्र विणणारा’ असा त्याचा अर्थ आहे. लात्रेय हे धर्मगुरू होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांना बोर्दो येथे बंदिवास घडला. तेथे सापडलेला एक दुर्मिळ भुंगेरा त्यांनी ओळखला. ती वार्ता बाहेरच्या निसर्गाभ्यासकांपर्यंत पोहोचली आणि त्यांच्याच खटपटीने लात्रेय यांची सुटका झाली. तसे घडले नसते, तर या वंशाचे नाव कदाचित दुसरेच असते.

पुढे चांदवा विणणारे अनेक कोळी लिनिफिया वंशातच घालण्यात येऊ लागले. परंतु जाळ्यावरून नाते ठरविणे धोक्याचे असते. प्रजोत्पादनाच्या अवयवांची घडण अधिक विश्वसनीय होय. नर कोळ्यात ते तोंडाजवळच्या दोन आखूड, पायांसारख्या अवयवांच्या टोकाशी असतात. हॉलंडमधील वान हेल्स्डिंगेन यांनी हे अवयव व त्यांचे कार्य बारकाईने तपासून १९६९ साली या वंशाची नव्याने मांडणी केली. तेव्हा कित्येक जाती नेरिएनी नावाच्या वंशात गेल्या. क्लेर्क यांनीच वर्णिलेली ‘मोंटाना’ ही जातीही आज तिकडेच आहे. ट्रायँग्युलॅरिस मात्र हलली नाही, कारण लिनिफिया हे नाव तिलाच बांधलेले आहे. अशा जातीला त्या वंशाची प्ररूप जाती म्हणतात. हे दोन्ही वंश ज्या कुलात मोडतात, त्या कुलात आज ४,८०० हून अधिक जाती गणल्या जातात.

ही छाननी केवळ ग्रंथापुरती राहत नाही. अमेरिकेतील मेन या राज्यात हा युरोपीय कोळी येऊन वसल्याची नोंद २००२ साली प्रसिद्ध झाली. तेथे त्याच कुलातील, परंतु फ्राँटिनेला या वेगळ्या वंशातील, वाटीसारखे जाळे विणणारा मूळचा कोळी राहतो. पाहुणा त्याच्या जाळ्यात शिरतो आणि धन्यालाच हुसकून लावतो. म्हणून तेथील अभ्यासक जाळ्याच्या आकारावर विसंबत नाहीत. ते भिंगाखाली कोळ्याची पाठ पाहतात आणि पुढच्या भागावर चिमट्याच्या आकाराची काळसर रेघ आहे की नाही, हे तपासतात.