प्रणालीची सुधारणा आणि बंद पडलेली जोडणी

अंबरनाथ तालुक्यातील एखाद्या शाळेत संगणकावरील लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती घेतली जाते, आणि दुसऱ्या दिवशी तारेने येणारे इंटरनेट बंद असल्याचे आढळते. यूडायस-प्लसवर माहिती भरावयाची राहिलेली असते. शिक्षक धास्तावतो व यंत्र उचलून उल्हासनगरचा किंवा बदलापूरचा बाजार गाठतो. तेथे कोणी हार्ड डिस्क पुसून सर्व नव्याने भरण्याचा सल्ला दिला, तर वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यात जावयाच्या! वास्तविक दोष बहुधा एका नावाचा असतो.

प्रथम तार पाहावी. ती जेथे खोवतात तेथील लहान दिवा लागत नसेल, तर तार किंवा राउटर तपासावा. दिवा लागत असेल, तर पुढे वाचावे.

उल्हासनगरचेच उदाहरण घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात तेथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्याच बराकींत उतरले आणि १९४९ साली कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. बराकी जागच्या जागी राहिल्या, पत्ता बदलला. (लोकांच्या तोंडी 'कॅम्प' अद्याप आहे, ही गोष्ट निराळी.) नेटवर्क कार्डाचेही असेच घडते. पूर्वी पहिल्या कार्डास 'ईटीएच०' म्हणत. २०१३ साली 'सिस्टिमडी'ने कार्डाच्या जागेवरून 'ईएनपी३एस०' यांसारखी नावे देण्याची रीत आणली. सुधारणेनंतर कार्डास नवे नाव मिळते, परंतु जोडणीच्या फाईलमध्ये जुनेच राहते. गावचा पोस्टमन जुन्या पत्त्यावरचे पत्रही पोचवितो. संगणकापाशी तेवढा समजूतदारपणा नाही.

म्हणून टर्मिनल उघडून इंग्रजी अक्षरांत 'आयपी लिंक' ही आज्ञा द्यावी. आलेल्या यादीतील 'एलओ' हे कार्ड नव्हे, तो संगणकाचा स्वतःशीच असलेला संवाद होय. त्याखालील नाव कागदावर उतरून घ्यावे आणि जोडणीच्या फाईलमधील नावाशी ताडून पाहावे. डेबियनमध्ये ही फाईल पुष्कळदा 'ईटीसी' कप्प्यातील 'नेटवर्क'मध्ये 'इंटरफेसेस' या नावाने असते. उबुंटूच्या २०१७ नंतरच्या आवृत्त्यांत 'नेटप्लॅन'चा कप्पा पाहावा. नावे जुळत नसतील, तर फाईलची एक प्रत आधी ठेवून नवे नाव लिहावे व संगणक पुन्हा सुरू करावा.

यादीत 'एलओ'वाचून काहीच नसेल, तर नव्या कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, कार्डाची ओळख पटलेली नसण्याचा संभव आहे. संगणक सुरू होताना 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून मागील कर्नल निवडावा. तो बहुधा शिल्लक असतो. त्यावर जोडणी चालली, तर तार व कार्ड दोन्ही शाबूत आहेत, आणि पुढील सुधारणा येईपर्यंत शाळेने त्याच कर्नलवर काम करावे.